कड्याचा काठ आणि प्रवाशांची सोय

पर्वत पाहावयास निघालेला मनुष्य त्याच्याकडे दुरून, खालून आणि हळूहळू जातो. पहिल्या दर्शनापासून पायथा गाठेपर्यंत त्याच्या मनाची तयारी होत असते, आणि पायथा इतका विस्तीर्ण असतो की सहस्रावधी यात्रेकरू आले तरी त्यांना पांगण्यास जागा मिळते. भूगोलाच्या पुस्तकात जिला निदरी म्हणतात तिचा प्रकार याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेल्या ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठाकडे जाणारा प्रवासी सपाट पठारावरून, पाइन आणि जुनिपर वृक्षांच्या रानातून, पुढे काय आहे याची पुसटशी कल्पनाही नसताना येतो, आणि एका पावलावर पृथ्वी संपते. दीड किलोमीटरहून अधिक खोल नदी, तीही जेथून दिसेल तेथूनच दिसते, आणि पलीकडचा काठ इतका दूर की तेथील वृक्ष एका सावळ्या रेघेत मिळून गेलेले. दरीची लांबी ४४६ किलोमीटर. परंतु तिला पाहण्याची जागा म्हणजे काठावरची काही हात रुंदीची पट्टी, आणि त्या पट्टीपैकीही जेथवर रस्ता पोहोचला आहे तेवढाच तुकडा. सर्वांना उभे राहावयाचे असते ते तेथेच. उपाहारगृह, निवास, वाहनतळ, शौचालय, दुकान, जे काही हवे ते त्याच तुकड्यावर हवे असते. निदरीच्या उद्यानात प्रवाशांच्या सोयी आणि सृष्टीचे मूळ रूप यांच्यामध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ जो तंटा चालला आहे, त्याचे मूळ मनुष्याच्या लोभात शोधण्यापूर्वी या भूरचनेत शोधले पाहिजे, असे मला वाटते. आणि म्हणूनच या वादात ‘सोय किती’ या प्रश्नाच्या आधी ‘सोय कोठे’ आणि ‘ती कोणाच्या पाण्यावर’ हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

तंट्याचे कायदेशीर रूप जुने आहे. १८६४ मध्ये योसेमिटीचे खोरे कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली करण्यात आले, तेव्हा त्याच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या मंडळापुढे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानरचनाकाराने दुसऱ्याच वर्षी एक अहवाल ठेवला. आज शेकड्यांनी येणारे प्रवासी शतकाच्या आत लक्षावधींनी येऊ लागतील, म्हणून आजच्या एका माणसाच्या हातून होणारी क्षुल्लक नासधूस त्या लक्षावधींच्या संख्येने गुणून पाहावी, आणि बांधकाम गरजेपुरते, तेही शक्य तितक्या आखूड मर्यादेत ठेवावे, असा त्याचा युक्तिवाद होता. अहवाल दफ्तरात पडून राहिला आणि छापून निघाला तो १९५२ मध्ये. तोवर त्याचे भाकीत खरे ठरत आले होते. मधल्या काळात, २५ ऑगस्ट १९१६ रोजी, राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन करणारा कायदा मंजूर झाला. त्याच्या एकाच दीर्घ वाक्यात दोन आज्ञा गुंफलेल्या आहेत: सृष्टिशोभा, ऐतिहासिक वस्तू आणि वन्य जीव यांचे जतन करावे, आणि लोकांना त्यांचा उपभोग घेऊ द्यावा, मात्र पुढील पिढ्यांसाठी ते सर्व अक्षत राहील अशा रीतीने. वाक्याची घडण न्याहाळली तर दुसरी आज्ञा अटीसह दिलेली आहे आणि ती अट पहिल्या आज्ञेच्या बाजूची आहे, याविषयी मला संशय वाटत नाही. परंतु व्यवहारात उद्यानाचा अधिकारी सरकारकडे पैसे मागावयास जातो तेव्हा त्याच्या हातातील सर्वांत बोलका आकडा प्रवाशांचा असतो. अक्षत राहिलेल्या कड्याचा आकडा काढता येत नाही. कायद्याचा तोल एकीकडे आणि अंदाजपत्रकाचा ओढा दुसरीकडे, ही अवस्था तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, ती अशी की उद्यान जन्मले तेव्हा काठावर गाव अगोदरच वसलेले होते. १९०१ च्या सप्टेंबरात सांता फे कंपनीची आगगाडी विल्यम्स या गावाहून दक्षिण काठापर्यंत येऊन पोहोचली. ६ मे १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट काठावर उभे राहून बोलले. युगांनी घडविलेल्या या कृतीत मनुष्याला भर घालता येणार नाही, तो फक्त तिला बिघडवू शकेल, म्हणून आहे तशी राहू द्या, हे त्या भाषणाचे सार सर्वश्रुत आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वे कंपनीने आपले हॉटेल काठावर न बांधण्याचे ठरविले याबद्दल तिची प्रशंसाही केली होती, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. दोन वर्षांच्या आत, १९०५ च्या जानेवारीत, एल तोवार हे त्या कंपनीचे भव्य लाकडी हॉटेल उघडले, ते काठापासून अवघ्या काही पावलांवर. तेथे आज राहणाऱ्याला खिडकीतून जे दिसते ते अप्रतिम आहे यात वाद नाही. परंतु ती इमारत तेथे एकदा उभी राहिल्यावर स्थानक, तबेले, धुलाईघर, वीजघर, नोकरांची घरे या सर्वांना तिच्या आसपासच जागा शोधावी लागली, आणि काठावरील वस्तीचा मध्यबिंदू कायमचा ठरून गेला. पुढील सर्व योजना, सर्व पश्चात्ताप आणि सर्व दुरुस्त्या त्या एका निर्णयाभोवती फिरत राहिल्या आहेत.

रेल्वेच्याही आधी तेथे राल्फ कॅमेरॉन होता. खनिजांच्या नावाने त्याने ब्राइट एंजल पायवाटेच्या माथ्यावर आणि वाटेतल्या झऱ्यांजवळ दावे नोंदवून ठेवले होते, आणि दरीत उतरणाऱ्या प्रवाशांकडून तो पायपट्टी वसूल करीत असे. १९०८ मध्ये रूझवेल्ट यांनी दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांना असा अधिकारच नाही असे म्हणून तो सरकारशी कज्जा लढला. तो कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२० मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. एवढ्याने प्रकरण मिटले नाही. कॅमेरॉन अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला आणि उद्यानाच्या खर्चाच्या मंजुरीत खोडे घालीत राहिला; पायवाटेची मालकी परगण्याकडे होती आणि तेथील मतदारांनी ती देण्याचे नाकारले, तेव्हा उद्यान सेवेने १९२४-२५ मध्ये साउथ कायबाब ही स्वतंत्र वाट कड्यात खोदून काढली. ब्राइट एंजल वाट सरकारच्या ताब्यात आली ती १९२८ मध्ये. या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट होते: सोय ही नेहमीच प्रवाशाच्या गरजेतून जन्मत नाही, पुष्कळदा ती चिंचोळ्या जागेवरील मक्त्यातून जन्मते, आणि ज्या जागेवरून सर्वांना जावेच लागते ती जागा खासगी हातांत असणे हाच सृष्टिरूपाला आणि प्रवाशालाही सर्वांत मोठा धोका असतो.

इमारती बांधावयाच्याच तर त्या कशा बांधाव्यात, याचे उत्तर मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार स्त्रीने जितक्या प्रेमाने शोधले तितक्या प्रेमाने दुसऱ्या कोणी शोधल्याचे मला आढळले नाही. १९१४ चा लुकआउट स्टुडिओ हा तिचा सर्वांत सूक्ष्म विचाराचा नमुना होय. काठावरच्याच चुनखडकाच्या ओबडधोबड दगडांनी रचलेल्या भिंती आणि मुद्दाम वेडीवाकडी ठेवलेली छपराची रेषा यांमुळे थोड्या अंतरावरून कडा कोठे संपला आणि इमारत कोठे सुरू झाली हे डोळ्यास चटकन कळत नाही. त्याच वर्षीचे हर्मिट्स रेस्ट, दरीच्या तळाशी १९२२ मध्ये नदीतील गोट्यांनी बांधलेले फँटम रँच, आणि पूर्वेकडील डेझर्ट व्ह्यू येथील १९३२ चा सत्तर फूट उंचीचा मनोरा, ही सर्व तिचीच कामे. मनोऱ्याच्या आत पोलादी सांगाडा आहे; बाहेरचे दगड मात्र त्या प्रदेशातील प्राचीन पडक्या मनोऱ्यांचा कित्येक महिने अभ्यास करून निवडलेले आणि बसविलेले आहेत, आणि आतील भिंतींवर होपी चित्रकार फ्रेड काबोटी याने आपल्या समाजाच्या कथा रंगविल्या आहेत. हे सर्व मान्य करूनही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. कोल्टरच्या कलेने इमारत लपते. तिच्याकडे येणारी माणसे, त्यांची वाहने आणि त्यांचे सांडपाणी लपत नाही. जे दिसत नाही ते घडलेच नाही, असा समज या सुंदर वास्तुशैलीने उद्यानांच्या प्रशासनात कित्येक दशके रुजविला, असे मला तिच्याविषयीचा सर्व आदर मनात ठेवून म्हणावेसे वाटते.

पायवाटेच्या माथ्याशी कड्याला बिलगून उभा असलेला कोल्ब बंधूंचा छायाचित्रांचा स्टुडिओ याच्या उलट बाजूची कथा सांगतो. एल्सवर्थ आणि एमरी या भावांनी १९०४ च्या सुमारास तो सुरू केला. खेचरांवर बसून उतरणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे घ्यावयाची, मग काठावर पाणी नसल्यामुळे साडेचार मैल खाली झऱ्यापर्यंत धावत जाऊन ती तेथे धुवावयाची, आणि प्रवासी परत वर येण्याच्या आत पुन्हा चढून माथ्याशी हजर व्हावयाचे, असा त्यांचा नित्यक्रम होता. उद्यान सेवेला हे बांधकाम काठावरचे अतिक्रमण वाटत असे आणि ते पाडण्याचा तिचा मानस होता. १९७६ मध्ये एमरी वारला तोपर्यंत ऐतिहासिक वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झालेला होता, आणि आज तीच सेवा त्या इमारतीची काळजीपूर्वक निगा राखते. कालचे अतिक्रमण आजचा वारसा होते, एवढेच यातून कोणी काढील. मला यात एक इशारा दिसतो. काठावर एकदा उभी राहिलेली वास्तू तीस-चाळीस वर्षे टिकली की तिला हलविणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून तात्पुरती म्हणून दिलेली मुभा निदरीच्या काठावर कधीही तात्पुरती नसते.

जे त्या काठावर आणि त्या दरीत प्रवासी नव्हतेच, त्यांची गोष्ट या आढाव्यात अनेकदा गाळली जाते. हावासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या दरीतील झऱ्यांजवळ मका आणि भोपळा पिकवीत आणि हिवाळ्यात पठारावर शिकारीला जात. १८८२ मध्ये त्यांना ५१८ एकरांच्या राखीव जागेत कोंडण्यात आले. ब्राइट एंजल वाटेवरच्या त्यांच्या बागांतून उरलेल्या शेवटच्या रहिवाशालाही १९२८ मध्ये जावे लागले, आणि प्रवाशांच्या विश्रांतीचे ठिकाण म्हणून ती जागा ‘इंडियन गार्डन’ या नावाने नकाशावर राहिली. १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन त्या समाजाला परत मिळाली, आणि २०२२ मध्ये त्या विश्रांतिस्थानाचे नाव ‘हावासुपाई गार्डन्स’ असे झाले. सृष्टीचे मूळ रूप राखणे म्हणजे ते निर्मनुष्य करणे, ही कल्पना जितकी रूढ आहे तितकीच ती अन्यायाची आहे; आणि विशेष असे की एकीकडे त्या बागांतील माणसे हलविली जात असताना दुसरीकडे प्रवाशांसाठी त्याच झऱ्यांचे पाणी नळांनी वर चढविण्याची तयारी होत होती.

येथे पाण्याची गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सोयींची खरी मर्यादा हॉटेलांच्या खोल्यांवरून ठरत नाही, ती पाण्यावरून ठरते. दक्षिण काठाचे पठार सच्छिद्र चुनखडकाचे आहे. पाऊस आणि बर्फ यांचे पाणी जिरून खोल जाते आणि हजारो फूट खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे खाली नदी वाहत असता काठ कोरडा. आरंभीच्या वर्षांत आगगाडीच्या टाक्यांतून १२० मैलांवरून पाणी आणीत. मग १९३० नंतरच्या दशकात दरीतील झऱ्यांचे पाणी पंपांनी वर येऊ लागले. तेही अपुरे पडू लागले तेव्हा उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या धबाबा कोसळणाऱ्या झऱ्यापासून साडेबारा मैलांची नळवाहिनी दरीतून उतरवून, नदीवरच्या पुलाला बांधून, पलीकडे चढविण्याचे काम हाती घेण्यात आले. १९६६ च्या डिसेंबरातील महापुराने अर्धवट झालेले काम उद्ध्वस्त केले. ते पुन्हा करून १९७० मध्ये वाहिनी पूर्ण झाली. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या कड्यांतून गेलेली ही ॲल्युमिनियमची वाहिनी दरडींनी, पुरांनी आणि जीर्णतेने फुटत राहिली. २०१० नंतर तिचे मोठे बिघाड ८५ हून अधिक झाले. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, ऐन सुट्टीच्या तोंडावर, एकापाठोपाठ एक चार ठिकाणी ती फुटली आणि दक्षिण काठावरील रात्रीचा मुक्काम आठवडाभर बंद करावा लागला. जगभरातून आलेल्या प्रवाशांना परत पाठविण्याचा हा प्रसंग एका नळामुळे आला.

या वाहिनीचा कायापालट करण्यासाठी २० कोटी ८० लाख डॉलरचे काम २०२३ मध्ये सुरू झाले. दक्षिण काठाचे पाणी यापुढे फँटम रँचजवळ ब्राइट एंजल ओढ्यातून उचलावयाचे आणि वारंवार फुटणारा वरचा टप्पा त्या कामातून सोडवावयाचा, अशी तजवीज आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती योग्यच दिसते. मला खटकते ते एवढेच की या वाहिनीच्या चर्चेत पाणी किती ‘लागते’ हा आकडा गृहीत धरला जातो आणि त्यावरून नळ किती मोठा हवा ते ठरते. वाळवंटातील झरा म्हणजे केवळ जलस्रोत नव्हे; त्याच्या काठी नेचे, बेडूक, पाखरे आणि त्यांवर अवलंबून असलेली समग्र जीवसृष्टी दाटलेली असते. झऱ्याने किती द्यावे हे आधी ठरावे आणि काठावर किती माणसांनी रात्र काढावी हे त्यावरून ठरावे, हा क्रम एका जलहीन पठारावर तरी स्वाभाविक वाटावयास हवा होता.

आगगाडीने आणलेली माणसे एका ठिकाणी उतरत आणि एका ठिकाणी राहत. मोटारीने ती व्यवस्था मोडली. १९१९ मध्ये, म्हणजे उद्यान स्थापन झाले त्या वर्षी, ४४ हजारांच्या आसपास लोक आले होते. १९२६ पर्यंत मोटारीने येणारे आगगाडीने येणाऱ्यांपेक्षा अधिक झाले. १९५६ मध्ये वार्षिक संख्या दहा लाखांवर गेली आणि २०१८ मध्ये ती ६३ लाखांहून पुढे गेली. १९६८ च्या जुलैत शेवटची आगगाडी निघाली तेव्हा तिच्यात तीन उतारू होते. (ती १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि आज काठावर येण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे.) युद्धोत्तर गर्दीला तोंड देण्यासाठी उद्यान सेवेचे संचालक कॉनराड वर्थ यांनी १९५६ ते १९६६ या दहा वर्षांसाठी ‘मिशन ६६’ ही प्रचंड योजना आखली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती बव्हंशी रास्त आहे, कारण रुंद रस्त्यांनी आणि मोठ्या तळांनी अधिकच गर्दी आणली. परंतु एक गोष्ट तिच्या जमेस धरली पाहिजे. यलोस्टोन उद्यानातील निदरीच्या काठाजवळची जुनी वस्ती उठवून आत रानात ‘कॅन्यन व्हिलेज’ हे नवे ठाणे १९५७ मध्ये उघडण्यात आले. नव्या इमारती रूपाने सामान्य होत्या, जुन्या हॉटेलची शान त्यांना नव्हती, आणि पुष्कळांना त्याचे दुःख झाले. तरी काठ मोकळा झाला. रूपवान इमारत काठावर की सामान्य इमारत आत, असा पर्याय पडला तर मी निःसंकोच दुसरा स्वीकारीन.

मोटारींचे काय करावे, या प्रश्नावर दोन निदऱ्यांचे अनुभव शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर १९७४ पासून मोफत बसगाड्या आहेत आणि वर्षाचा बराच काळ पश्चिमेकडील हर्मिट मार्ग खासगी मोटारींना बंद असतो. १९९५ च्या आराखड्यात याहून धीट विचार होता: मोटारी उद्यानाबाहेर टुसायान येथे थांबवाव्यात आणि हलक्या रेल्वेने लोकांना काठाजवळ आणावे. त्या अपेक्षेने माथर पॉइंटजवळ माहितीकेंद्राचा विस्तीर्ण चौक २००० मध्ये उघडलाही, परंतु रेल्वे आलीच नाही. लोक रस्त्याच्या कडेला जागा मिळेल तेथे गाड्या लावून चालत त्या चौकाकडे जाऊ लागले, आणि अखेर त्याच्या शेजारीच वाहनतळ बांधावे लागले. त्याच २००० साली युटा राज्यातील झायॉन उद्यानाने आपल्या दरीतील सुमारे सहा मैलांचा रस्ता हंगामात खासगी मोटारींना बंद करून बसगाड्या सुरू केल्या आणि ती व्यवस्था यशस्वी झाली. हा फरक कर्तृत्वाचा असण्यापेक्षा भूमीचा आहे. झायॉनमध्ये प्रवासी तळातून वर पाहतो. दरी अरुंद, रस्ता एकच आणि पुढे बंद, तोंडाशी स्प्रिंगडेल हे गाव. बाटलीचे तोंड धरले की बाटली हाती येते. ग्रँड कॅन्यनचा काठ मैलोगणती उघडा पसरलेला आहे आणि त्याला एकच एक तोंड नाही.

झायॉनचे यशही निखळ नव्हते. दरीत पुन्हा नदीचा आवाज ऐकू येऊ लागला, रस्त्याकडेच्या तुडवलेल्या जागी गवत परतले. परंतु पूर्वी वाहनतळ भरला की गर्दी आपोआप थांबत असे, तो अडसर बसगाड्यांनी काढून टाकला. भार रस्त्यावरून उचलला गेला तो पायवाटांवर येऊन पडला. २०२१ मध्ये त्या लहानशा उद्यानात ५० लाखांवर लोक आले, आणि साखळ्या धरून चढावे लागते अशा एंजल्स लँडिंगच्या अरुंद धारेवर माणसांची रांग उभी राहू लागली. १ एप्रिल २०२२ पासून तेथे सोडतीने परवाने द्यावे लागले. मर्यादा ही अखेर कोठेतरी घालावीच लागते. ती वाहनतळाच्या जागेवर अजाणता पडावी की विचारपूर्वक, उघड नियमाने पडावी, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. कोलोरॅडोच्या प्रवाहातून जाणाऱ्या नौकांबाबत तो पूर्वीच झाला आहे. परवाने मोजके, २००६ पासून खासगी सफरींसाठी सोडत, आणि मैल्यासह सर्व कचरा परत नेण्याची सक्ती. नदीवर जे निमूटपणे मान्य होते ते काठावर कोणी सुचविले की ‘जनतेचा हक्क’ आठवतो.

सोयीच्या नावाखाली किती दूर जाता येते याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६६ चे आहे. ग्रँड कॅन्यनच्या टापूत दोन धरणे बांधण्याचा घाट तेव्हा घातला गेला होता, आणि पुरस्कर्त्यांचा एक मुद्दा असा की जलाशय झाला म्हणजे प्रवाशांना नौकेतून कड्यांच्या अधिक जवळ जाता येईल. सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेच्या वतीने डेव्हिड ब्राउअर यांनी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन उलट विचारले की छताजवळ जाता यावे म्हणून सिस्टीन चॅपेल पाण्याने भरावयाचे काय. १९६८ च्या कायद्याने ती धरणे टळली. परंतु वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ मध्येच नदी अडवली होती. गढूळ, उबदार, वाळूने भरलेली नदी तेव्हापासून उद्यानात थंड आणि नितळ होऊन येते, वाळूचे किनारे झिजतात, आणि १९९६ पासून मधूनमधून कृत्रिम पूर सोडून त्यांना पुन्हा भरण्याचा प्रयत्न चालतो. काठावरच्या एखाद्या कठड्यावरून वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्यांनी या बदलाकडेही पाहावे. उद्यानाच्या सीमेबाहेर घेतलेला एक निर्णय आतील शंभर निर्णयांना भारी पडतो.

सीमेबाहेरच्या दोन प्रकल्पांविषयी लिहिताना लेखणी थोडी जपून चालवावी लागते. पश्चिम टोकाला हुआलापाई समाजाच्या स्वतःच्या भूमीवर २००७ च्या मार्चमध्ये ‘स्कायवॉक’ हा काचेच्या तळाचा, नालाच्या आकाराचा सज्जा सुरू झाला. तो काठापासून सत्तर फूट पुढे दरीवर झुकलेला आहे. मला तो आवडत नाही. परंतु उद्यानाच्या उत्पन्नात वाटा नसलेल्या एका लहान समाजाने आपल्या जमिनीतून उपजीविका कशी काढावी, हे त्याला सांगण्याचा अधिकार, त्याच काठावर शतकापूर्वी हॉटेल बांधणाऱ्यांच्या वारसांना कितपत पोहोचतो, याचा विचार केला म्हणजे नापसंतीचा स्वर खाली येतो. दुसरा प्रकल्प लिटल कोलोरॅडो आणि कोलोरॅडो यांच्या संगमापाशी पाळण्यांनी तळापर्यंत लोक उतरविण्याचा होता. तो संगम अनेक मूलनिवासी समाजांना पवित्र आहे. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी नाव्हाहो परिषदेनेच तो प्रकल्प १६ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. त्या संगमाचे रक्षण वॉशिंग्टनच्या हुकमाने झाले नाही, ज्यांची भूमी होती त्यांच्या मतांनी झाले, याची मी कृतज्ञतेने नोंद करतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. वाघूर नदीने नालाच्या आकारात कोरलेल्या अजिंठ्याच्या दरीत जाणाऱ्याला आपली मोटार काही किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून एस.टी.च्या बसने पुढे जावे लागते. लेण्यांतील रंगांना धूर लागू नये हा त्यातील हेतू, पण दरीची शांतता हाही एक लाभ आहे. माथेरानला मोटार दस्तुरीपाशी थांबते, आणि उन्हाळ्याच्या गर्दीतही तेथील कड्यांवर जी निवांत जागा सापडते तिचे श्रेय त्या एका नियमाला आहे. अमेरिकेतील मुलाबाळांकडे गेलेली आपली कितीतरी वडीलधारी मंडळी ग्रँड कॅन्यन पाहून येतात आणि तेथील स्वच्छतागृहांची, सरकत्या रांगांची, चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या सपाट वाटांची तोंडभरून स्तुती करतात. ती स्तुती योग्य आहे. गुडघे धरलेल्या सत्तरीच्या आजीला काठापर्यंत जाता येणे ही चैन नव्हे, तो तिचा अधिकार आहे. आणि सोयींना सरसकट नाके मुरडणाऱ्या तरुण गिर्यारोहकांनी हे विसरू नये. तिच्यासाठी काठाशी वाट हवी, कठडा हवा, बसावयास बाक हवे, जवळ थांबणारी बस हवी. तिला काठावर खोली, उपाहारगृह आणि आठवणींच्या वस्तूंचे दुकान लागत नाही. ते अर्धा मैल मागे असले तरी चालते.

दिव्यांची गोष्ट लहान आहे, पण मला ती फार आश्वासक वाटते. काठावरील हजारो दिव्यांपैकी बहुतांश बदलून किंवा त्यांना झाकणे घालून प्रकाश फक्त पायापुरता पडेल असे करण्यात आले, आणि २०१९ मध्ये, उद्यानाच्या शताब्दीच्या वर्षी, ग्रँड कॅन्यनला आंतरराष्ट्रीय ‘अंधारे आकाश’ उद्यानाचा दर्जा मिळाला. एकही इमारत पाडावी लागली नाही, एकाही प्रवाशाला परत जावे लागले नाही, आणि आकाशगंगा पुन्हा दरीवर आली.

आता मोठा प्रश्न उत्तर काठावर उभा आहे. तेथील ग्रँड कॅन्यन लॉज ही गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड यांची दगडी आणि लाकडी वास्तू १९२८ मध्ये अगदी कड्याच्या टोकावर बांधली गेली, १९३२ मध्ये जळाली, १९३७ मध्ये त्याच जागी पुन्हा उभारली गेली, आणि २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो या वणव्यात पुन्हा भस्मसात झाली. तिच्या मोठ्या खिडक्यांतून ज्यांनी दरी पाहिली होती त्यांचा शोक खरा आहे आणि ती होती तशीच बांधावी ही मागणी स्वाभाविक आहे. तरीही माझी सूचना अशी की खोल्या, स्वयंपाकघर आणि मलनिःसारणाची व्यवस्था या वेळी पाइनच्या रानात मागे न्यावी, किती खाटा ठेवावयाच्या ते रोअरिंग स्प्रिंग्जच्या झऱ्याकडे पाहून ठरवावे, आणि टोकावर जुन्या पायाच्या दगडांचा एक उघडा ओटा ठेवावा, जेथे संध्याकाळी, मुक्कामाला असलेला आणि नसलेला, कोणीही येऊन बसू शकेल.